बावन्न सेकंदांचं भूत

"आज त्या भुताला पकडायचंच!" सिद्धेशनं चपला काढून हातात घेतल्या. "आवाज आला रे आला, की मी सुसाट दाराकडे. मिहिर, तू मागच्या खिडकीकडे. आणि श्रुतिका, तू..."

बंद हॉलच्या आत कुणीतरी खोकलं.

सिद्धेशचं वाक्य तोंडातच राहिलं. खोकल्यामागून पेटीच्या भात्याची बारीक कुरकुर आली आणि मग सूर. राष्ट्रगीत! पेटीच्या सुरात मिसळलेला एक म्हातारा, खर्जातला आवाज. आत दिवा नव्हता. दाराला बाहेरून हे भलंमोठं कुलूप होतं.

तिघंही जागच्या जागी ताठ झाले. मान वर, हात बाजूला. सिद्धेशच्या हातातल्या चपलासुद्धा सावधानमध्ये उभ्या होत्या. भिंतीपलीकडच्या मिठागरांवरून खारट वारा येत होता. श्रुतिकाच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण ती हलली नाही. पर्वतांची नावं झाली, नद्यांची नावं झाली आणि कात्रीनं कापावा तसा आवाज तुटला.

"वीस सेकंद," मिहिर हातातल्या घड्याळाकडे बघत म्हणाला. मिहिरला प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची सवय. त्यामुळे वर्गात त्याचं नाव 'पंचनामा' पडलं होतं.

"अरे सिद्ध्या, पळाला का नाहीस?" श्रुतिकानं विचारलं.

"पळणार कसा? राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नाही, हे तुझ्याच आजोबांनी शिकवलंय ना!"

"मग तुटल्यावर पळायचंस!"

"तुटल्यावर भूत थोडंच थांबतंय, यार!"

झालं! गेले आठ दिवस तिघांचं हेच चाललं होतं. दुसऱ्या कुठल्या भुतानं गाणं म्हटलं असतं, तर पोरांनी त्याला केव्हाच गाठलं असतं. पण हे भूत राष्ट्रगीत म्हणायचं, आणि ते सुरू झालं की पोरांचे पायच बांधले जायचे.

मुलुंड पूर्वेच्या 'समर्थकृपा' सोसायटीत गुढीपाडव्यापासून हा प्रकार सुरू झाला होता. संध्याकाळी सातच्या सुमाराला मागच्या बंद हॉलमध्ये पेटी वाजायची आणि अर्ध्यातच थांबायची. वॉचमन चंद्रप्रकाश आता तिकडे फेरी मारायला जायचा नाही. क्षमाताईंनी नाचाचा क्लास गच्चीवर नेला. एका बाळाचं बारसं तर ऐनवेळी दुसरीकडे झालं. आवाज कुणाचा, हे कुणालाच सांगावं लागत नव्हतं. तो काशीराम आजोबांचा होता. श्रुतिकाच्या आजोबांचा. आणि आजोबा तर फेब्रुवारीतच गेले होते.

आजोबा मूळचे मालवणकडचे, उभं आयुष्य गिरणीत गेलेलं. सोसायटीच्या प्रत्येक झेंडावंदनाला पेटी तेच वाजवायचे. "बावन्न सेकंद!" ते पोरांना दटावायचे. "एक कमी नाय, एक जास्त नाय. सुरू केलला अर्ध्यार सोडूचा नाय!" श्रुतिकालाही त्यांनी पेटी शिकवली होती, पण चारचौघांत वाजवायची वेळ आली की तिच्या बोटांना कापरं भरायचं.

आवाज अर्ध्यावर का तुटतो, हे आपल्याला ठाऊक आहे, असं श्रुतिकाला वाटत होतं. तिनं ते कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

या सव्वीस जानेवारीला चेअरमन नंदकुमार काकांनी आजोबांना खुर्चीत बसवलं होतं. "काशीरामकाका, यंदा तुम्ही आराम करा. नवा स्पीकर आणलाय, सगळं फोनवर आहे!" फोनवर राष्ट्रगीत लागलं. कुणी उभं राहिलं, कुणी सेल्फी काढत राहिलं, आणि निम्मी सोसायटी आधीच वड्यांच्या रांगेत. नद्यांच्या नावांपर्यंत आलं असेल नसेल, तोच काकांचा फोन वाजला आणि राष्ट्रगीत बंद पडलं. "हॅलो! हां, हां, चटणी वेगळी बांधा!" काका फोनवर ओरडले आणि सगळे पांगले. आजोबा मात्र खुर्चीतून उठून ताठ उभे होते. उरलेलं राष्ट्रगीत त्यांनी एकट्यानं, थरथरत्या आवाजात पुरं केलं.

आणि श्रुतिका? ती वड्यांच्या रांगेत सिद्धेशशी खिदळत होती. आजोबा एकटे गाताना तिला दिसले होते. आपण जाऊन शेजारी उभं राहावं, असं तिला वाटलंही. पण लोक हसतील म्हणून ती गेली नाही. आजोबा पुढे त्याबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

भूत पुन्हा निसटलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी फळ्यावर नोटीस लागली. एक मेच्या झेंडावंदनाआधी हॉलमधलं जुनं सामान काढून टाकणार. सामानाच्या यादीत पहिलंच नाव होतं: पेटी!

श्रुतिका धावतच काकांकडे गेली. "काका, पेटी भंगारात देऊ नका ना!"

"अगं, लोक घाबरतात! पेटी गेली की भूत गेलं. उद्या संध्याकाळी भंगारवाला येतोय, मी दुकानातून आलो की हॉल उघडून देतो."

"पण काका, तुम्ही स्वतः ऐकलंय का ते?"

"मी? एकदाही नाही!" काकांनी मिशीवरून हात फिरवला. "रोज सातला मी तिथंच स्कूटर लावतो. पण भुतालाही माणूस कळतो!"

म्हणजे हातात दोनच संध्याकाळी होत्या. जिन्यात तिघांची सभा भरली.

"पेटी गेली तर आजोबांचं राष्ट्रगीत कायमचं अर्धं राहील," श्रुतिका म्हणाली. "मला ते पुरं व्हायला हवंय."

मिहिरनं वही उघडली. "हे बघा. जवळजवळ रोज वीस-एकवीस सेकंद. रविवारी आवाजच नाही. आणि गेल्या गुरुवारी एकदम एकोणचाळीस!"

"भुताला रविवारची सुट्टी?" सिद्धेशनं डोळे विस्फारले.

श्रुतिका एकदम ताठ बसली. "ऐका! आपल्याला हलता येत नाही ना? मग नकोच हलायला! आधीच तीन ठिकाणी जाऊन उभं राहू या. हलायचं नाही, पण बघायला कुणी मना केलंय?"

"झकास!"

सातला पाच कमी असताना सिद्धेश फाटकाशी उभा राहिला आणि मिहिर बी विंगच्या वळणावर. श्रुतिकानं हॉलची खिडकी घेतली. तिनं जाळीला नाक लावलं. आत अंधार दाटला होता. कोपऱ्यातल्या टेबलावर पेटी होती, आणि तिच्यावर आजीनं शिवलेलं निळं फडकं. फाटकातून एक स्कूटर आत आली, मागे कुठेतरी थांबून बंद झाली, आणि पुन्हा सगळं शांत झालं.

खोकला!

भाता कुरकुरला, सूर लागला. पण निळं फडकं तसंच होतं! पेटी बंद होती, भाता मिटलेला होता, आणि तरीही आजोबा गात होते. अगदी इथं, हाताच्या अंतरावर. तिला किंचाळावंसं वाटलं, पळावंसं वाटलं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आजोबांना हाक मारावीशी वाटली. ती ताठ उभी राहिली. डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळलं, पण ते पुसायलाही तिनं हात उचलला नाही. अंधारात, कपाटाच्या फटीतून, एक इवलासा निळा ठिपका तेवढा तिच्याकडे टक लावून बघत होता.

नद्यांची नावं झाली आणि आवाज तुटला. ठिपका लुकलुकायला लागला.

"पेटी वाजतच नाहीये!" धापा टाकत ती दोघांना म्हणाली. "कपाटात काहीतरी आहे. निळा दिवा!"

"आता माझं ऐक," मिहिर म्हणाला. "राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा इस्त्रीवाला थांबला. दूधवाला थांबला. क्षमाताई जिन्यात थांबल्या. हलत होता तो एकच माणूस!"

"नंदकुमार काका!" सिद्धेश ओरडला. "डोक्यावर हेल्मेट, तरातरा घराकडे!"

काकांची दोन हेल्मेटं चोरीला गेली होती. तेव्हापासून घराच्या दारात पोचेपर्यंत ते हेल्मेट काढत नसत, हे अख्ख्या सोसायटीला माहीत होतं.

"आणि ते वळणावर माझ्याजवळ पोचले, त्याच क्षणी आवाज तुटला," मिहिर म्हणाला. "रविवारी दुकान बंद, म्हणून काकाही नाहीत आणि भूतही नाही!"

"थांब, थांब! गुरुवारी काका हॉलसमोर मला बॉलवरून झापत होते. मी राष्ट्रगीतासाठी ताठ उभा, आणि त्यांना वाटलं, पोरगा काय टरकलाय! खूश होऊन जास्तच झापलं!"

"तेच एकोणचाळीस सेकंद!" मिहिरनं वही मिटली. "तो निळा दिवा त्यांच्या ब्लूटूथ स्पीकरचा असणार. पाडव्याच्या कार्यक्रमानंतर कुणी तो बंदच केला नाही, कपाटात तसाच चार्जरला लावून ठेवला. काका जवळ आले की त्यांचा फोन आपोआप जोडला जातो आणि वाजायला लागतो. लांब गेले की तुटतो. आमच्या पप्पांच्या गाडीत अस्संच होतं!"

"पण आजोबांचा आवाज फोनमध्ये आला कुठून?" श्रुतिकानं विचारलं. मग तिचं तिलाच आठवलं. पंधरा ऑगस्टला काका पेटीपुढे फोन धरून उभे होते! म्हणजे सव्वीस जानेवारीला फोनवर लागलं होतं, ते आजोबांचंच रेकॉर्डिंग होतं. आजोबांच्या समोर, आजोबांच्याच आवाजातलं राष्ट्रगीत मध्ये तोडलं गेलं, आणि तो आवाज कुणाचा, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. लक्षात येणार कसं? कुणी ऐकतच नव्हतं. तिनंही ऐकलं नव्हतं.

"काकांना जाऊन सांगू या?" मिहिरनं विचारलं.

"सांगून ते ऐकणारेत का?" श्रुतिकानं डोळे पुसले. "नाही. त्यांना ऐकवू या!"

तीस एप्रिलची संध्याकाळ. भंगारवाला हातगाडी घेऊन उभा होता. भूत कसं जातंय ते बघायला कमिटीची माणसं जमली होती. श्रुतिकाची वनमाला आजीही खाली आली होती, पेटीचं शेवटचं दर्शन घ्यायला. स्कूटर आली, थांबली. हॉलच्या आत खोकला झाला.

जो तो जागच्या जागी थिजला. भंगारवाल्यानं डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. काका मात्र हेल्मेटसकट किल्ल्या खुळखुळवत हॉलच्या दाराकडे न वळता आधी घराकडेच निघाले. हातातली कलिंगडं ठेवून यायची होती ना!

हॉलची भिंत आणि उभ्या केलेल्या गाड्या यांच्यामधून एकच चिंचोळी वाट जात होती. त्या वाटेवर तिघं आधीपासूनच खांद्याला खांदा लावून उभे होते. सावधान!

"बाजूला व्हा रे!" काका हेल्मेटमधून गरजले.

तिघं ढिम्म.

"श्रुतिका! ऐकू येत नाही का तुला?"

ऐकू कुणाला येत नव्हतं, हे बाकी सगळ्यांना दिसत होतं! चिडलेल्या काकांनी कलिंगडं खाली ठेवली आणि हेल्मेट काढलं.

आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काशीरामकाका..." त्यांच्या तोंडून निघालं. पुढचा शब्द त्यांनी गिळला. हेल्मेट बगलेत गेलं, टाचा जुळल्या.

नद्यांची नावं मागे पडली. सूर पुढे गेला. श्रुतिका मनातल्या मनात सेकंद मोजत होती. तीस... पस्तीस... चाळीस... शेवटचा जयजयकार वर चढला, मिठागरांपर्यंत गेला असेल, आणि संपला. बावन्न सेकंद!

तरी कुणी हललं नाही. कारण आजोबांचा आवाज अजून संपला नव्हता. पुन्हा एकदा खोकला आला आणि मग शब्द: "झाला रे रेकॉर्ड, नंदकुमार? बरा झाला. पण पुढच्या खेपेक ह्या यंत्र नको हां. माझी श्रुतिका वाजवतली. घाबारता जराशी. पण अर्ध्यार सोडूची नाय ती!"

मग कपाटातला स्पीकर गप्प झाला.

श्रुतिका मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. आजीनं येऊन तिला पोटाशी धरलं. काकांनी खिशातून फोन काढला.

"आठ महिने हे माझ्या खिशात होतं," ते हळूच म्हणाले. "तेव्हा ऐकलं आणि विसरलो. शेवटपर्यंत एकदाही लावलं नाही मी. पोरांनो, चुकलो. भुतानं कुणाला पछाडलं असेल तर मलाच, आणि मलाच पत्ता नव्हता!" मग ते भंगारवाल्याकडे वळले. "तुम्ही जा बाबा. पेटी कुठं जात नाही."

एक मेच्या सकाळी तिरंगा वर गेला. वडे आले होते, पण टोपल्यांवर फडकी होती आणि फोन सगळ्यांचे बंद. काकांनी स्वतः फिरून तपासले होते! पेटीपुढे श्रुतिका बसली होती. बोटं थरथरत होती. भाता ओढला तशी तीच ओळखीची बारीक कुरकुर झाली, आणि आपल्या पाठीशी कुणीतरी ताठ उभं आहे, असं तिला वाटलं. तिनं वळून बघितलं नाही. राष्ट्रगीतात हलायचं नसतं.

ती वाजवत गेली. सगळी सोसायटी गात होती. नद्या ओलांडल्या, आणि तिची बोटं स्थिर झाली.

"शाब्बास, पोरांनो!" काकांनी तिघांची पाठ थोपटली. "पुढच्या वेळी मी एक पाऊल जरी हललो, तर मला भंगारात द्या!" त्यावर सगळे खो खो हसले. मिहिरनं मात्र आधी वहीत 'बावन्न' लिहिलं आणि मगच हसला.

वनमाला आजी पेटीवर निळं फडकं घालायला आली. तिनं श्रुतिकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलांवर कडाकड मोडली.

"पुरा झाला गो," ती म्हणाली.