नाव न घेता बोलावलं

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. पण यातलं शेवटचं मी माझ्या कानांनी ऐकलंय. आणि सुरुवातीला हातात तबक धरून मीच उभी होते.

तारीख पाच मार्च, बुधवार. जागा म्हैसूर, जयलक्ष्मीपुरम. वेळ भर दुपारची. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं मलाही तोवर वाटायचं.

ही गोष्ट माझ्या सख्ख्या काकूची. वरलक्ष्मीकाकू, वय एकाहत्तर. आम्ही पिढ्यान् पिढ्या इथलेच मराठी. घरात मराठी बोलतो, पण वाक्य अर्ध्यावर आलं की कन्नड कधी सुरू होतं ते आमचं आम्हालाही कळत नाही.

काका जाऊन सहा वर्षं झाली होती. काकू त्या घरात एकटीच राहायची. नोव्हेंबरात ती बाथरूममध्ये पडली आणि सात तास तशीच पडून राहिली. दूधवाली आली म्हणून वाचली. बेंगळुरूहून प्रार्थना, तिची एकुलती एक मुलगी, धावत आली आणि रडून रडून एकच धोशा लावला.

"अम्मा, प्लीज. घर विकू. मला तिकडे झोप लागत नाही गं."

काकू दीड महिना "बेडा, बेडा" करत राहिली. नको म्हणजे नको. शेवटी तिचे गुडघेच तिच्याविरुद्ध गेले. पुनीत नावाच्या एका तरुण बिल्डरनं घर घेतलं. तो ते पाडून तिथं चार मजले बांधणार होता. काकूसाठी म्हैसुरातच, विजयनगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट ठरला. लिफ्ट, सिक्युरिटी, बाथरूममध्ये दाबायला लाल बटण, सगळं होतं.

पण काकूचा पाय निघेना. कारण फक्त मला माहीत होतं.

काका गेल्यापासून रोज दुपारी साडेतीनला व्हरांड्यातली वेताची खुर्ची वाजायची.

कर्र…

मग दोनदा खोकल्याचा आवाज. काका हयात असताना दुपारची झोप झाली की असेच येऊन बसायचे. काकू आतून कॉफीचा लोटा आणून शेजारी ठेवायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. तिला भीती कधी वाटलीच नाही. उलट तेवढ्या एका तासासाठी ती बाकीचे तेवीस काढायची.

"मी गेले तर ते कुठं जातील गं?" ती मला विचारायची.

मग आमच्या घरच्या पुरोहितांना, श्रीहरी आचारांना फोन केला. त्यांनी सांगितलं, ही पद्धत आहे आपल्यात. देव आधी हलवा. मग घर रिकामं झालं की उंबऱ्यात उभं राहून, हातात अक्षता घेऊन, ज्यांना न्यायचं त्यांना बोलवा. तीनदा. "पण नाव घेऊन, बरं का. मोघम बोलवायचं नाही."

इथंच सगळं अडलं.

काकूनं अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात काकांचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. बाहेर "प्रार्थनाचे अप्पा", घरात "ऐकलं का". बँकेत फारच खोदून विचारलं तर कागदावर लिहून काउंटरच्या आत सरकवायची. आम्ही पोरं तिला छळायचो, काकू एकदा तरी घे नाव. ती लाजून लाल व्हायची, पण तोंड उघडायची नाही. काकाही तिला कधी नावानं हाक मारत नसत. त्यांचं सगळं आयुष्य एका "अगं" वर चाललं.

त्या बुधवारी सामानाचा टेम्पो निघाला. काकू उंबऱ्यात उभी राहिली. मी तबक धरलं.

तिनं अक्षता उचलल्या. ओठ हलले. पुन्हा हलले. आवाज फुटेना. बाहेर प्रार्थना गाडीचा हॉर्न वाजवत होती.

आणि काकू घाईघाईनं म्हणाली,

"इथं जे कुणी आहेत… त्या सगळ्यांनी चला माझ्याबरोबर."

तीनदा म्हणाली.

मी तिथंच होते. मी टोकायला हवं होतं. मला वाटलं, काकांना कळेलच की.

तिनं अक्षता टाकल्या तेव्हा रिकाम्या घरात आत कुठंतरी… काहीतरी सरकलं. जमिनीवरून जड पोतं ओढावं तसं. व्हरांड्यातून नाही. मागून, न्हाणीघराच्या बाजूनं.

नव्या फ्लॅटमध्ये खुर्ची बाल्कनीजवळ ठेवली. पहिल्या दिवशी साडेतीन वाजले. चार वाजले. काकू लोटा घेऊन बसून होती. कॉफीवर साय धरली.

काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरालाच…

धप्.

स्वयंपाकघरात. ओट्यावरून कुणीतरी खाली उडी मारावी तसं. मग अनवाणी पावलं. भराभर. हॉलमधून बेडरूमकडे.

काकू खुश झाली. खरंच खुश झाली. "आले गं," तिनं मला फोनवर सांगितलं. "नवीन घर ना, शोधत फिरताहेत बिचारे."

मी विचारलं, "काकू, काका डावा पाय ओढत चालायचे ना? झटका आल्यापासून?"

"आता कसलं दुखणं, आता कसला पाय," म्हणाली, आणि विषय बदलला.

माणसाला जे हवं असतं त्यासाठी तो किती सबबी शोधतो! खुर्ची रोज भिंतीकडे तोंड करून सापडायची. काकू म्हणायची, ऊन लागत असेल. कॉफीचा लोटा पालथा असायचा, आतून कोरडा ठक्क, आणि फरशीवर एक थेंब नाही. काकू म्हणायची, प्याले असतील. घरात ओल्या मातीचा वास यायला लागला. तिसऱ्या मजल्यावर. मार्चमध्ये. काकूनं कुंड्यांना दोष दिला.

मग चोवीस तारीख आली. सोमवार.

सकाळचे साडेअकरा. काकू देवापुढची फुलं काढत होती. मागून हाक आली. आवाज हुबेहूब काकांचा. तोच घोगरेपणा, तोच संथपणा.

"वरलक्ष्मी…"

काकूच्या हातातलं तबक खाली पडलं.

त्या माणसानं अठ्ठेचाळीस वर्षांत तिला नावानं हाक मारली नव्हती.

ती वळली नाही. तशीच भिंतीला धरून दरवाज्यापर्यंत गेली, बाहेर लिफ्टजवळ उभी राहिली आणि तिनं आचारांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"नाव घेतलं होतंत का वहिनी?"

"नाही."

"अय्यो… मग काय म्हणालात?"

तिनं सांगितलं.

"मग ते तिथंच राहिले असणार," आचार म्हणाले. "आणि तुमच्याबरोबर आलंय ते… ते मला गोत्तिल्ला, ठाऊक नाही. मला विचारू नका. पण घर उभं आहे तोवर जा. उंबरा गेला की कुठून बोलवणार?"

काकूनं पुनीतला फोन केला. तो उचलेना; लावत लावत शेवटी लागला तेव्हा दोन वाजत आले होते.

"आजच सुरू केलं अम्मा," तो आनंदानं म्हणाला. तो कन्नडमध्येच बोलायचा. "दारं-खिडक्या कालच मंडी मोहल्ल्याला गेल्या, जुनं लाकूड घेतात तिथं. आता मागून जेसीबी लावलाय."

"थांबव! मी येतेय. पुनीत, तुझ्या पाया पडते. थांबव."

तिनं मलाही बोलावलं, पण मी नंजनगुडला माझ्या शाळेत होते, मुलांच्या परीक्षा चालू होत्या. ती एकटीच निघाली. गुडघ्याला पट्टा नाही, पायात घरातल्या सपाता. त्यात वाटेत रिक्षा बंद पडली. दुसरी मिळेना. एकाहत्तर वर्षांची बाई मार्चच्या उन्हात हुणसूर रोडच्या कडेनं रडत चालत होती. शेवटी एका स्कूटरवालीनं तिला पुढच्या रिक्षा स्टँडवर सोडलं.

ती पोचली तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते.

मागची बाजू नव्हतीच. स्वयंपाकघर, न्हाणीघर, देवघर, सगळ्याचा ढिगारा. फक्त पुढचा हॉल आणि व्हरांडा उभा होता. जेसीबीचा हात हॉलच्या भिंतीला लागला होता.

"दहा मिनिटं," काकू म्हणाली. तिनं ड्रायव्हरपुढे हात जोडले. पुनीतपुढे जोडले. धुळीनं माखलेल्या मजुरांपुढेही जोडले. "दहाच मिनिटं. मग काय हवं ते करा."

पुनीत तसा वाईट मुलगा नाही. त्यानं मशीन बंद करायला लावलं आणि सगळ्यांना घेऊन रस्त्यापलीकडे गेला.

एकदम शांत झालं.

काकू उंबऱ्यात उभी राहिली. दार नव्हतं, चौकट नव्हती, पण उंबऱ्याचा दगड होता. व्हरांडा रिकामा. लाल फरशीवर धूळ.

साडेतीन.

कर्र…

खुर्ची नव्हती. तरी खुर्ची वाजली. मग दोनदा खोकला.

काकूला रडू आवरेना. एकोणीस दिवस ते इथं बसून होते. मागून घर पडत होतं आणि ते इथं कॉफीची वाट बघत बसले होते. "चुकलं हो माझं," ती म्हणाली. "चुकलं. चला आता. चला ना."

काहीच हललं नाही. नाव घ्यायला हवं होतं.

तिनं अक्षता आणल्या नव्हत्या, धूळच मुठीत घेतली. तोंड उघडलं. जीभ वळेना. अठ्ठेचाळीस आणि सहा, चोपन्न वर्षं जे ओठांवर येऊ दिलं नाही, ते आता घशात अडकलं. पलीकडून पुनीतनं हाक मारली, अम्मा, झालं का? काकूनं डोळे घट्ट मिटले आणि ओरडली,

"संकर्षणराव! चला!"

आणि उत्तर आलं.

"ओ…"

व्हरांड्यातून नाही.

तिच्या मागून. अगदी मानेजवळून. ओल्या मातीच्या वासासकट.

विजयनगरहून ते तिच्याबरोबरच आलं होतं. ती बोलावणार म्हणून वाट बघत मागं उभं होतं. आणि तिनं बोलावल्याबरोबर त्यानं ते नाव उचललं.

काकू पुन्हा ओरडणार होती. नाही, तुला नाही, ते समोर बसलेत त्यांना! पण तोंडातून शब्द फुटला नाही. समोर व्हरांड्यात खोकला अर्धवट थांबला. दहा मिनिटं संपली होती. पुनीतनं तिला दंडाला धरून हळूच बाहेर आणलं. मशीन सुरू झालं.

परतताना ती रिक्षात एका कडेला बसली. थोड्या वेळानं शेजारची सीट… आपोआप खाली दबली. काकूनं विजयनगर येईपर्यंत मान वळवली नाही.

त्यानंतर फ्लॅटमध्ये सगळं सुरळीत झालं. हेच मला जास्त वाईट वाटतं. आता रोज साडेतीनलाच खुर्ची वाजते. दोनदा खोकला. चालताना डावा पाय ओढल्याचा आवाजसुद्धा. जणू नावाबरोबर बाकीचंही त्याला मिळालं. प्रार्थना म्हणते, "सी, अम्मा आता सेटल झाली."

एप्रिलच्या मध्यात मी काकूकडे गेले होते. ती निम्मी झाली होती. मला कुजबुजत म्हणाली, "कदाचित तेच असतील गं. नाव घेतल्यावर आले ना? दुसरं कुणी कशाला येईल? तूच सांग." मी तिचा हात धरून बसले.

तेवढ्यात पुनीतचा फोन आला. काकूनं स्पीकरवर ठेवला.

"अम्मा, एक विचारायचं होतं," तो चाचरत म्हणाला. "साईटवर मजूर दुपारी थांबत नाहीत. म्हणतात, साडेतीनला एक म्हातारे गृहस्थ येतात. व्हरांडा होता ना, तिथून गेटपर्यंत. एक पाय ओढत. पण गेटच्या बाहेर येत नाहीत. रस्त्याकडे बघत काहीतरी बोलतात. वॉचमनला कन्नडशिवाय येत नाही. त्यानं ऐकलं तसं मला सांगितलं. तुमची भाषा वाटली म्हणून…"

"काय म्हणतात?" काकूनं विचारलं.

पुनीतनं शब्द जपून, तोडून तोडून उच्चारले.

"'थांब. आलो.' रोज तेवढंच. 'थांब, आलो.' अंदरे एनु अम्मा? त्याचा अर्थ काय?"

काकू उठली. गुडघे विसरून उठली. फोन तसाच टाकून दाराकडे धावली आणि सपाता पायात सरकवायला लागली. मीही पर्स उचलली.

मागं बाल्कनीजवळ… खुर्ची वाजली.

"वरलक्ष्मी, कुठं निघालीस?"

मी ऐकलं. माझ्या काकांचा आवाज होता. शपथेवर सांगते, मी ऐकलं.

काकू दाराच्या कडीला हात लावून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. ती जिथं जाईल तिथं तेही येणार होतं, हे तिला माझ्याआधी कळलं. मग तिनं एक एक करून सपाता काढल्या, नीट भिंतीशी लावून ठेवल्या आणि कॉफी करायला आत गेली.

फोन अजून चालू होता. पुनीत हॅलो, हॅलो करत होता. मी कट केला.

त्याला अजून कुणी अर्थ सांगितलेला नाही.