वर्ग चुकलेला तारा

“अहो, जरा ऐकता का? नव्या ताऱ्याचा प्रकार इथे कोण ठरवतं?”

वेधशाळेच्या कचेरीच्या जिन्यात त्यानं तिला अडवलं, तेव्हा तिच्या एका हातात डबा होता आणि दुसऱ्यात ओली छत्री.

“मीच ठरवते,” ती म्हणाली.

तो असा काही गोरामोरा झाला की तिला हसू आवरेना.

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. गच्चीवरच्या छोट्याशा दुर्बिणीतून त्याला एका दूरच्या दीर्घिकेत काल नसलेला ठिपका दिसला होता. सुपरनोव्हा... स्फोट होऊन मरणारा तारा. मोठ्या दुर्बिणीनं टिपलेला त्याचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाचा रंगांनुसार काढलेला आलेख, बघायचा आणि त्यातल्या खळग्यांवरून तो तारा कसा फुटला ते सांगायचं, हे तिचं काम. आठ वर्षांत एकही निकाल तिला मागे घ्यावा लागला नव्हता. सहकारी तिला ‘पंच’च म्हणत.

दोन दिवसांनी तिनं त्याला वर्णपट दाखवला. एका खळग्यावर बोट ठेवून म्हणाली, “हे सिलिकॉन. असे तारे जवळपास सारख्याच तेजानं पेटतात, म्हणून त्यांच्यावरून दीर्घिकांची अंतरं मोजतात.”

“म्हणजे मैलाचा दगडच की!”

“तसंच समजा.”

त्यानंतर तो दर चार दिवसांनी नवे फोटो घेऊन यायला लागला.

“मेलनं पाठवले तरी चालतात,” ती एकदा म्हणाली.

“मेलला तुमचं उत्तर एका शब्दाचं. ‘मिळाले.’ इथे निदान चहा मिळतो... आणि चहा संपेपर्यंत तुम्ही बोलता.”

तिनं मान खाली घातली. पण दुसरा कप तिनंच मागवला.

अंतरं मोजणाऱ्या एका मोठ्या गटानं तो तारा निवडला. त्यांच्या शोधनिबंधात तारा शोधणारा म्हणून त्याचं नाव येणार होतं. त्याची आई येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगत सुटली.

आणि तिसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, नवा वर्णपट आला. त्यात हेलियमच्या खुणा स्वच्छ दिसत होत्या. तिनं जुना वर्णपट पुन्हा उघडला. ज्याला तिनं सिलिकॉन म्हटलं होतं, तो हायड्रोजनचा खळगा होता! एक प्रचंड तारा स्वतःच्याच भारानं कोसळला होता. अंतर मोजायला तो कुचकामी.

तिनं दुरुस्ती लिहिली, पण पाठवली नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती थेट दुकानात गेली.

“माझी चूक झाली,” तिनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. “दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं, म्हणून आले.”

तो हातातलं भिंग पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, “पंधरा दिवस थांबलं तर...? निबंध तेवढा छापून होईल.”

तिला ते लागलं. ती छत्री उचलून दाराकडे वळली.

“थांबा.” त्याचा आवाज चिरकला. “चुकीच्या नंबरचा चष्मा माणसाच्या अंगवळणी पडतो हो. मग तो पायऱ्या चुकतो... पडतो. मी असा चष्मा कुणाला दिला नसता. आणि तुम्हाला मात्र द्यायला सांगतोय. पाठवा तुम्ही. आत्ताच, इथूनच.”

तिनं काउंटरवर फोन ठेवला. दुरुस्ती उघडून ‘पाठवा’वर बोट टेकवलं. आठ वर्षांची पुण्याई एका स्पर्शात गेली आणि तिला रडू फुटलं. त्यानं काचा पुसायचं स्वच्छ फडकं पुढे केलं.

“आता तुम्ही यायचे नाहीत,” ती डोळे पुसत म्हणाली. “तारा तर गेला हातचा.”

“ताऱ्यासाठी मी फक्त पहिल्यांदा आलो होतो.” तो अडखळला. “नंतरचं... तुम्हाला कळलं नाही?”

“कळलं होतं. पण एकदा निकाल चुकल्यावर... खात्री वाटेना.”

“हा नाही चुकला.”

आतून त्याची आई बाहेर आली. पाहुणीचे रडलेले डोळे, मुलाचा उतरलेला चेहरा, दोन्ही तिनं पाहिलं. “काय रे, काय झालं?”

“आई, माझं नाव निबंधातून गेलं.”

“अगंबाई! आणि ही कोण?”

तो तिच्याकडे बघत राहिला. उत्तर तिनंच द्यावं, अशी वाट बघत.

तिनं छत्री कोपऱ्यात टेकवली आणि वाकून नमस्कार केला.

“ते नाव घालवणारी मीच, आई,” ती म्हणाली. “बसू का जरा?”