गालावरच्या लाल छटा

"हलू नका हं... तसेच उभे राहा!"

अनोळखी पुरुषाला जिन्यात अडवून असं म्हणायचं नसतं, एवढं तिलाही कळत होतं. पण शब्द सुटून गेले होते. खिडकीतून आलेल्या उन्हात तो उभा होता आणि त्याच्या उजव्या गालावर, डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत, जन्मखूण पसरलेली होती. कडेला गुलाबी, मध्ये शेंदरी, कानाजवळ जवळजवळ जांभळी.

"काय झालं? अंगावर पाल पडलीये का?" त्यानं खरंच न हलता विचारलं.

"नाही, नाही... तुमच्या गालावर किती लाल आहेत! मला एवढे लाल हवेत."

बोलून झालं आणि तिचे कान तापले. त्यानं मात्र एक भुवई उंचावली. "घ्या की. घरी बरेच दिवस पडून आहेत."

तो दुभाषा होता. परदेशी पाहुण्यांशी बोलणी चालली होती, म्हणून कंपनीनं त्याला बोलावलं होतं. आणि ती कॅमेऱ्याच्या रंगगाळण्या बनवायची. ऑफिसात तिला सगळे 'रंगारीण' म्हणत.

डॉक्टर पोटात सोडून आत बघतात, तो कॅमेरा मुगाच्या दाण्याएवढा करायचं काम तिच्याकडे होतं. सेन्सरवर प्रकाश टिपणारे बारीक बारीक कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यावर लाल, हिरवी नाहीतर निळी गाळणी. कप्पे लहान केले की ते दाटीवाटीनं बसतात, आणि एका गाळणीतून आलेला प्रकाश शेजारच्या कप्प्यात घुसतो. मग सगळे लाल एकमेकांत कालवले जातात. पोटात तर लालाशिवाय दुसरं असतंच काय? निरोगी लाल कुठला आणि आजारी कुठला, हेच डॉक्टरांना दिसणार नसेल तर तो कॅमेरा काय कामाचा?

दुसऱ्या दिवसापासून तो जेवणाच्या सुट्टीत तिच्या प्रयोगशाळेत येऊन बसू लागला. पहिल्या फोटोत त्याचा गाल विटेच्या तुकड्यासारखा आला.

"शी! काय हे!" ती पडद्यावर वैतागली. मग दचकून म्हणाली, "म्हणजे... कॅमेऱ्याला म्हणाले."

"कळलं हो. आमच्या वहिनींनी तर त्यांच्या लग्नाच्या फोटोतून हा गाल पुसूनच टाकला. सूट माझा, गाल भलत्याचाच." तो हसला, पण हसताना त्यानं मान खाली घातली.

तिनं गाळण्यांच्या मध्ये केसाहून कितीतरी बारीक भिंती घातल्या. लाल गाळणीचा थर बदलला. भिंती जाड झाल्या की फोटो काळवंडायचा, पातळ झाल्या की रंग पुन्हा कालवायचे. तो यायचा, दिव्यासमोर बसायचा, परदेशी भाषांमधल्या गमती सांगायचा.

"इतकं एकटक बघू नका," तो एकदा म्हणाला, "मला गैरसमज होईल."

"मी काम करतेय."

"पण दिवा कुठे लावलाय अजून?"

तिनं घाईघाईनं दिवा लावला... आणि बराच वेळ त्याच्याकडे बघायचं टाळलं.

मग एके दिवशी पडद्यावर गाल उमटला, जसा उन्हात दिसला होता तसाच. एकेक छटा वेगळी. तो कितीतरी वेळ बघत राहिला.

"हा मी," तो हळूच म्हणाला. "ऐका ना... हा कुणाला दाखवू नका. आपल्या दोघांतच राहू दे."

"नाही दाखवणार."

तिनं दाखवला.

पाहुण्यांसमोरच्या सादरीकरणाच्या सकाळी तिच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "सगळ्यात चांगला असेल तोच फोटो लाव." सगळ्यात चांगला तोच होता. डोळे, नाक कापून नुसता गाल ठेवला, म्हणजे चेहरा कुठे दिसतोय, असं तिनं मनाला समजावलं. त्याला विचारायला ती गेलीही होती. तो दारात उभा होता, तिला बघून हसला... आणि ती 'शुभेच्छा द्या' म्हणून परत फिरली.

सभागृहात भिंतभर गाल उमटला. ती पाठ केल्यासारखी बोलत गेली, "या डागातल्या छटा बघा..."

दुभाषा थांबला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले, मग पडद्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. त्यानं ग्लासातलं पाणी प्यायलं आणि तिचं वाक्य पाहुण्यांच्या भाषेत सांगितलं. आवाज जराही हलला नाही. एका पाहुण्या बाईनं त्याच्याकडे बघून कीव आल्यासारखं स्मित केलं. रंगारणीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पाहुण्यांना कॅमेरा आवडला. लोक तिचं अभिनंदन करत होते, आणि तिला कुणाच्या नजरेला नजर देववत नव्हती.

घरी आत्यानं सगळं ऐकून घेतलं. "आणि मग माफी मागितलीस?"

"मागितली गं. म्हटलं, फोटो इतका सुंदर आला होता की..."

"ही माफी झाली का फोटोचं कौतुक?"

ती माफी ऐकून तोही फार शांतपणे म्हणाला होता, "तुम्ही विचारलं असतंत तर मी कदाचित हो म्हणालो असतो. पण मी नाही म्हणेन याची तुम्हाला भीती वाटली. म्हणजे माझं 'नाही' तुम्हाला ऐकायचंच नव्हतं."

नंतर तो प्रयोगशाळेत आला नाही. प्रमुख बाईंना तोच फोटो माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर हवा होता. भर बैठकीत ती उठून उभी राहिली.

"तो वापरता येणार नाही. मी त्यांना विचारलं नव्हतं. दाखवणार नाही म्हणून शब्द दिला होता, तो मोडला. फोटो मी काढून टाकलाय."

"मग पाहुण्यांना पुढच्या भेटीत काय दाखवणार? डोंबल?" बाई कडाडल्या.

पुढच्या भेटीत भिंतभर उमटलं ते काहीतरी ओलं, खडबडीत, गुलाबी-लाल. दुभाषा वाट बघत होता.

"ही..." ती अडखळली. "ही माझी जीभ आहे. कडेला चावलेली आहे, तिथला लाल वेगळा दिसतोय बघा. आणि मागे... ती किडकी दाढ."

दुभाष्यानं सांगायला तोंड उघडलं आणि त्याला हसू फुटलं. आवरता आवरेना. पाहुण्यांना काही कळेना, पण तेही हसू लागले. ती लाजेनं अर्धमेली होऊन तशीच उभी राहिली. दाढ दोन भाषांतून सगळ्यांना कळेपर्यंत.

बाहेर पॅसेजमध्ये त्यानं तिला गाठलं. "एवढं करायची गरज नव्हती."

"होती. याच जिभेनं डाग म्हटलं होतं... तुम्ही काय सांगितलंत तेव्हा त्यांना?"

"डागच. दुभाष्याला शब्द बदलता येत नाही."

तिचे डोळे भरून आले. "चुकले मी. फोटो सुंदर होता म्हणून नाही, कशासाठीच नाही... नुसती चुकले."

खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

"अजून एक विचारायचंय," ती म्हणाली. "कामाचं नाही. मला तुम्ही... फार आवडता. उद्या माझ्याबरोबर फिरायला याल?"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर..." तिनं नजर खाली घेतली नाही. "तर ऐकून घेईन. जा म्हणालात तर जाईन."

ती थांबली. काही सुचवलं नाही, समजावलं नाही, नुसती थांबली.

"हो," तो म्हणाला. "पण 'याल' नको. 'येशील का' म्हण."