स्वयंपाकघरातलं एक मिनिट

मी फक्त एक मिनिटाची शांतता आणायला परत गेले होते. आम्हा बायकांच्या फिल्म-गटात यंत्रावर आवाज धरण्याचं काम माझ्याकडे. जिथे चित्रीकरण होतं, त्या खोलीतलं एक मिनिट सगळ्यांनी गप्प राहून धरून ठेवायचं असतं. फिल्म जोडताना ते लागतं. आदल्या दिवशी मी नेमकी ते विसरले.

फिल्म नेलिदावर होती. सात महिने तिचा पत्ता नव्हता. तिचा नवरा फ्रोइलान कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडला होता. "पळाली हो, परक्याचा हात धरून आर्जेन्टिनाला! पहिली बायकोही तश्शीच गेली." पोलीस चौकीच्या कागदावरही तेच. नेलिदाच्या बाजूने बोलणारी एकटी तिची आई, दोन्या सातुर्निना. "माझी पोर मला सांगितल्याशिवाय ओरुरोच्या बाजारालासुद्धा जायची नाही," एवढंच ती म्हणायची.

भर दुपार होती. फ्रोइलान खाणीत पाळीवर. किल्ली त्यानेच हौसेने दिलेली. स्वयंपाकघरात रॉकेलचा आणि सुक्या मिरचीचा वास. मिरची होती, पण ती वाटायचा पाटा कुठेच नव्हता. आमच्याकडे पाट्याविना चूल नसते. मी हेडफोन लावले, श्वास रोखला.

घर्र... घर्र... घर्र... मग थांबलं.

हेडफोन काढले. काही नाही. पुन्हा लावले. पुन्हा तीनदा, पुन्हा थांबलं. मी ते मिनिट तसंच धरलं आणि तडक नेलिदाच्या आईकडे गेले.

दोन्या सातुर्निनाने ते मिनिट डोळे मिटून ऐकलं. "पाट्यावर तीनदा वाटते, मग दम खाते... मनगट मोडलं होतं गं तिचं त्या मेल्या नवऱ्याने. नेलिदाच ही."

चौकीतले हसले. "बाई, आवाजावर फरशी उखडायची?" मग खाणकामगारांच्या बायकाच पहारी घेऊन आल्या. कोपऱ्यातल्या नव्या सिमेंटखाली आधी पाटा लागला, त्याच्याखाली नेलिदा. फ्रोइलानला खाणीच्या तोंडाशीच धरलं. मी खूप रडले; तिची बाजू शेवटी तिनेच सांगितली होती.

तिला माती दिल्यावर शेवटच्या दृश्यासाठी त्याच स्वयंपाकघरातलं मिनिट पुन्हा धरायचं होतं. आता शांत असेल, अशी माझी खात्री होती. दोन्या सातुर्निना म्हणाली, "मला ऐकू दे."

ती बराच वेळ ऐकत राहिली.

"झोपली ना आता?" मी विचारलं.

"मिरची वाटतेय कुणीतरी... थांबतच नाही. ही माझी नव्हे, पोरी... हिचे हात धड आहेत."

तिने हेडफोन माझ्या हातात दिले, भिंतीशी टेकवलेली पहार उचलली आणि हळूच विचारलं, "हिची आई कुठे राहते गं?"