रंगवलेली खिडकी

दीजों शहरातल्या एका जुन्या हवेलीत आम्ही फक्त रंगाचं काम बघायला गेलो होतो. अन्सेल्ममामा आणि मी. मामा जुन्या वास्तू दुरुस्त करायचा. आई गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, आपलीच विद्या शिकायला पाठवलं, आणि शिकून आले तर माझं एक ऐकेना.

हवेली कुण्या न्यायाधीशाने बांधलेली. अंगणाच्या उजवीकडे दिवाणखाना आणि त्याची उंच खिडकी. डावीकडे मात्र शेजाऱ्याची सलग दगडी भिंत. खानदानी घर एका डोळ्याचं कसं चालेल? म्हणून त्या भिंतीवर हुबेहूब तशीच खिडकी रंगवलेली. फक्त तिच्या झडपा बंद.

"मामा, या रंगाखाली उघडी खिडकी आहे. मूळ चित्र तेच. मी खरवडतेय."

"नको. आजवर प्रत्येक रंगाऱ्याने ती बंदच ठेवलीय."

"का?"

"विचारलं नाही कधी."

"तुमच्या पिढीने कधी काही विचारलंच नाही!"

"आणि तुमची पिढी उत्तराला थांबत नाही, उर्सूल." तो हसला. "कर तुझ्या मनासारखं." आराखडे घेऊन तो दिवाणखान्यात जाऊन बसला.

दुपारभर मी खरवडत होते. झडपांखालून पडदा निघाला, करडं रेशीम निघालं, मग एका बाईचा फिकट चेहरा. तिची मूठ उचललेली होती. मला वाटलं, पडदा सारतेय.

मी पाठ फिरवून बादलीत हात धुवायला वाकले. मागे काचेवर टकटक झाली... अगदी हळू, रीतसर.

आमच्याकडे ही सवयच आहे. टकटक ऐकली की मान वर न करता तोंडातून शब्द जातो. माझ्याही गेला.

"या, आत या."

मग माझं मलाच हसू आलं. उघड्या अंगणात कसलं आत? आणि त्या बाजूला काच कुठे होती...

विझलेल्या मेणबत्त्यांचा वास आला. मी वळले. चित्रात नुसता पडदा होता.

"मामा?"

दिवाणखान्यात धावले. खुर्ची अजून उबदार होती. टेबलावरून पेन्सिल घरंगळत होती. इतक्यात अंगणातून पुन्हा टकटक.

खिडकीत मामा होता. तपकिरी कोट, उचललेली मूठ. रंग सुकलेला, जुनाट, बारीक तडे गेलेला.

"उर्सूल... आत घे ना मला."

"ये मामा! आत ये!"

टकटक चालूच राहिली.

पोलिसांनी शहर पालथं घातलं. भिंतीला भोक पाडून पाहिलं, दगडामागे दगडच. त्यांना काही ऐकू येत नाही. मी मात्र रोज जाते. भिंतीला गाल लावून म्हणते, "मामा, आत ये." आता तो टकटक लगेच थांबवतो. वाट बघतो.

मग रिकाम्या दिवाणखान्यातून, घरच्या मालकिणीच्या अदबीने, एका बाईचा आवाज येतो...

"आज मी कोणाला भेटत नाही."