सोबत येणारे

दादानं आणि मी मिळून एक ब्राउझर पाळला होता. दुसरा शब्द मला सुचत नाही. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला. कुणीही घ्यावा, हवा तसा बदलावा. आम्ही त्यातली सगळी लुडबुड काढून टाकली होती: शब्द सुचवणं, मागचं लक्षात ठेवणं, आपणहून फॉर्म भरणं. दर नव्या आवृत्तीवर आमचे सतरा बदल पुन्हा चढवायचे, तेही एकेक ओळ डोळ्यांखालून घालून. "आपल्याला विचारल्याशिवाय इथं काडी हलत नाही," असं दादा पाहुण्यांनाही ऐकवायचा.

तो गेल्याला आठ महिने झाले. आता हे सगळं मी एकटीच बघते.

त्या दुपारी वहिनीनं बोलावून घेतलं. तिला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती, राहायच्या जागेसकट. फॉर्म पाचच्या आत गेला नाही तर नोकरी दुसऱ्याला. "मला इथून निघायचंय गं," ती मला आधीच म्हणाली होती. "दार वाजलं की अजून तोच आला असं वाटतं." मीच तिला जा म्हटलं होतं, अगदी मनापासून.

"नणंदबाई, तुमचं लाडकं बाळ आगाऊपणा करतंय. 'सोबत येणारे' इथं मी एक लिहिते, म्हणजे आपली छकुली. पाठवायला गेलं की दोन होतात."

"आधी चष्मा लाव."

मी स्वतः एक लिहिला, बोट उचललं. दोन झाले.

मी बदलांची यादी उघडली. अठरा होते. अठरावा आजच्या तारखेचा, करणाऱ्याच्या जागी दादा. आत एकही ओळ नव्हती. मला राग आला, खरंच राग. त्याचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. तो बदल पुसला आणि ब्राउझर पहिल्यापासून पुन्हा तयार केला. त्यात तासभर गेला. वहिनी घड्याळाकडे बघत नखं खात होती.

एक लिहिला. दोन झाले.

मग एका बड्या कंपनीचा साधा ब्राउझर घातला, ज्याला आमचा हातही लागला नव्हता.

दोन.

पाचला दहा कमी होते. "सरळ फोन लाव," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

तिनं स्पीकर चालू केला. तिथल्या कारकून बाई बऱ्या होत्या. "काही काळजी करू नका मॅडम, मी इथून भरते. सोबत किती जण?"

"एक. माझी मुलगी."

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली.

"एकदा ठरवून सांगा ना, मॅडम. तुम्ही एक म्हणताय, आणि तुमचे मिस्टर मागून दोन म्हणतायत."

छकुली शाळेत होती. खोलीत आम्ही दोघीच.

मी फोन बंद करायला हात पुढे केला. वहिनीनं तो धरला. तिची पकड घट्ट होती.

"दोन लिहा," ती म्हणाली.

टकटक पुन्हा सुरू झाली. बाई हसल्या.

"लिहिलं, साहेब. अहो, लिहिलं म्हणतेय ना."