फॉर्मात नसलेलं कारण

"वांग्याचं बी हाय काय?"

"हाय की. किती पायजे, पावणं?"

"बी नको… एक फॉर्म भरायचाय. तुमच्याकडनं."

२०१० चा जानेवारी. कसबा बावड्यात आण्णांचं, माझ्या वडिलांचं, बियाण्याचं दुकान, आणि दुपारी ते जेवायला गेले की गल्ल्यावर मी, चंदना. समोर मृत्युंजय. शेतकी कॉलेजात शिकणारा, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, आणि डोळे असे की फॉर्म सोडून तिकडंच बघावं. बघितलं. लपवलं नाही.

नव्या वांग्यावरून तेव्हा देशभर भांडण चाललं होतं. मातीतल्या जिवाणूचं जनुक वांग्यात घातलं की अळी मरते म्हणे. ते वांगं तुम्ही खाल का, असा त्याच्या कॉलेजच्या पाहणीतला प्रश्न.

"न्हाय," मी म्हणाले.

"कारण?"

"किळस येते."

त्याचं पेन थांबलं. "त्याला रकाना न्हाय. माहितीचा अभाव लिहू?"

माझं डोकं सणकलं. "अभाव तुमच्या आज्जीला असंल! जिवाणू कुठला, जनुक कुठलं, सगळं वाचलंय मी. तरी भाजीत दुसऱ्याचा जीव शिवलाय असं वाटतंय. आमी जैन, पाणी बी गाळून पितो. वाटण्याची काय परीक्षा असती?"

"वाटतंय त्याला पुरावा लागतो."

"मग मगाधरनं माझ्याकडं बघताय, त्याला कुठला पुरावा हाय?"

तो कानापर्यंत लाल झाला. खाली मान घालून त्यानं फॉर्मच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं – किळस.

फेब्रुवारीत सरकारनं ते वांगं थांबवलं. आता ह्याला दुकानात यायला कारण उरलं नाही. तरी आला… रोज आला. कधी मिरचीचं बी, कधी दोडक्याचं. घरी एक कुंडी नसलेला माणूस! पुडी देताना बोटाला बोट लागायचं, आणि दोघांपैकी कुणीच पुडी सोडायचं नाही.

एप्रिलात एका संध्याकाळी तो पुडी न मागता उभा राहिला.

"घरी अव्वाला आपल्या दोघांचं सांगितलं… नको म्हणाली. लिंगायताच्या घरात जैनाची पोरगी नको. कारण इचारलं, तर म्हणाली, पोटातनंच नको वाटतंय."

"आणि तू काय म्हणालास?"

"…गप बसलो."

"गावभर बायकांना अडाणी ठरवत फिरलास, आणि घरच्या उंबऱ्यात जीभ गेली?"

खरा राग वेगळाच होता. त्याच्या आईचा शब्द माझाच होता. मीही पोटातूनच नको म्हटलं होतं. पण मी नको म्हटल्यानं वांगं रडत नाही. माणूस रडतो. हे तिला तोंडावर सांगायचं होतं. मी शटर ओढलं.

"चल. आत्ता."

त्याची आई, रत्नव्वा, घराच्या पुढच्या सोप्यात तांदूळ निवडत होती. तिनं मला वरून खाली बघितलं.

"हीच व्हय?"

मी तोंड मिटून उभी राहिले. पहिलं त्यानं बोलायचं होतं. नाही बोलला, तर मी तिथूनच परतणार होते… कायमची.

"हीच." त्याचा आवाज फाटला. "अव्वा, तुला वाटतंय ते वाटू दे. मी हिला सोडणार न्हाय."

रत्नव्वाचे हात सुपात थांबले. मग ती माझ्याकडं वळली.

"तुझा राग न्हाय, पोरी. भ्या वाटतंय. नातवंडांच्या गळ्यात इष्टलिंग असंल का नसंल… माझ्यामागं ह्या देव्हाऱ्यात दिवा कोण लावंल?"

तिच्या तोंडावर फेकायला आणलेलं वाक्य आता फेकावंसं वाटेना. खोटं वचन देता आलं असतं. दिलं नाही.

"ठावं न्हाय, अव्वा. मला बी भ्या वाटतंय. आमच्या आण्णांना अजून सांगितलेलं न्हाय."

तिनं दाराबाहेर बघितलं. समोरच्या भिंतीवरचं ऊन तांबूस झालं होतं.

"तुमी जैन दिवस मावळायच्या आत जेवता न्हवं?"

"व्हय."

सूप बाजूला सारून ती गुडघ्यावर हात रोवत उठली. आतून तवा ठेवल्याचा आवाज आला.

"मी अजून हो म्हटलेलं न्हाय," पीठ मळता मळता ती आतूनच ओरडली. "पर उपाशी कुणाला धाडत न्हाय मी. आन् तू रं, उभा काय हाईस खांबावानी? पाट दे तिला. ऊन चाललंय."